तिसऱ्या खांबापर्यंत

त्या हिवाळ्यात आमची कंपनी पुराच्या ड्यूटीवर नदीकाठच्या एका छोट्या गावात होती. मी मूळचा तासगावचा, ब्रिटिश आर्मीत लान्स कॉर्पोरल. ‘जाधव’ कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे मला जॅड म्हणत. सेक्शन कमांडर होता कॉर्पोरल डेव्हिड प्यू, कार्डिफच्या गोदीजवळ वाढलेला.

दिवसभर वाळूच्या पिशव्या भरायच्या, पंप चालवायचे, पाण्याची पातळी कळवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. प्यूने किटमधून एक जुनी बॅट काढली. तोंड सपाट, मूठ काळी पडलेली.

“ही कसली रे धोपाटणी?” मी विचारलं.

“बेसबॉलची. पणजोबांची आहे, तोंड सांभाळ.”

“बेसबॉलची बॅट गोल असते.”

“अमेरिकेत. आमच्याकडे नाही.”

उंचवट्यावर त्याने चार फावडी रोवली. हे खांब. बॉल खालून हात फिरवून टाकायचा, पण जोरात. बॅट्समनने कुठेही मारावा, अगदी मागेही. मला नवल वाटलं. हा खेळ आला कुठून?

प्यूने त्याच्या घरात चालत आलेली हकिगत सांगितली. पणजोबांच्या वेळचं कार्डिफ म्हणजे नव्याने वसणारं गाव. वर डोंगरात कोळसा निघाला, खाली गोदी झाली, आणि ज्याला दोन हात आहेत तो तिथे आला. पणजोबा जहाजात कोळसा भरायचे. खाणीच्या टेकूसाठी आलेल्या लाकडातून त्यांनी ही बॅट तासली. जहाज लागेपर्यंत गोदीमागच्या पडीक जागेत खेळ चालायचा.

खेळता खेळता प्यूने एक बॉल मागच्या कुंपणापर्यंत मारला आणि पळत सुटला. तो तिसऱ्या फावड्याला टेकला आणि आमच्या सार्जंटची शिट्टी वाजली.

“किट ऑन! बोट तयार ठेवा!”

“माझे तीन झाले!” प्यू ओरडला.

“चौथा गाठून घरी आला नाहीस. शून्य,” सार्जंट म्हणाला. त्याने अमेरिकन खेळ टीव्हीवर पाहिला होता.

बूट आवळताना प्यूने मला नियम सांगितला. त्यांच्या खेळात स्वतःच्या फटक्यावर जितके खांब गाठले तितक्या धावा. पणजोबा म्हणायचे, गोदीचा भोंगा कधी वाजेल सांगता येत नाही, म्हणून जिथवर पोचलास तिथवरचं तुझं. हे कारण खरं की घरचं कौतुक, कुणास ठाऊक. पुढे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणालाच ठाम सांगता आलं नाही.

नदीने बांध फोडला होता. एका बंगल्यात म्हातारं जोडपं अडकलं होतं. बोट फाटकाशी टेकली. प्यू कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दुसरं टोक माझ्या हातात. त्याने आधी आजींना आणलं, मग आजोबांना. दोघं बोटीत बसली. प्यू फाटकाला धरून उभा होता आणि बागेची भिंत कोसळली. पाणी एकदम आत घुसलं. दोर हातातून सुटेल इतका ताणला गेला, मग तुटून सैल पडला. मी रेडिओवर मुख्यालय गाठलं.

“झीरो, धिस इज टू-वन. मॅन इन द वॉटर. ओव्हर.”

“टू-वन, नाव सांगा. ओव्हर.”

“कॉर्पोरल प्यू.”

तो दुसऱ्या दिवशी सापडला. बॅट त्याच्या आईने मला दिली.

नोकरी सोडून मी कार्डिफमध्ये टायरचं दुकान टाकलं. शून्यातून उभं केलं. माजी सैनिकांच्या आमच्या छोट्या क्लबात कामी आलेल्यांच्या नावांचा एक बोर्ड आहे. त्यावर प्यूचं नाव नाही. तो युद्धात पडलेला नाही, असं कमिटी म्हणते. पाण्याला म्हणे शत्रू धरत नाहीत. मी टेबलावर मूठ आपटली आणि क्लब सोडला. तो राग अजून आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या इतिहास मंडळाने शहरातल्या बेसबॉलच्या सुरुवातीवर प्रदर्शन ठरवलं. मंडळाच्या मिसेस लॉईडना बॅट हवी होती. मला बॅटखालच्या कार्डावर डेव्हिडचं नाव हवं होतं.

“प्रदर्शन सुरुवातीच्या काळाचं आहे, मिस्टर जाधव. कॉर्पोरल प्यू त्यात बसत नाहीत.”

“मग बॅटही बसत नाही.” मी ती उचलून घरी आलो.

बायको म्हणाली, “अहो, बॅट देताय की टायर विकताय?”

आठवड्याने लॉईडबाईंचाच फोन आला. “पणजोबांचं नाव वर, कॉर्पोरलचं खाली. चालेल?”

“चालेल. नावापुढे धावा लिहायच्या. तीन.”

“कसल्या तीन?”

मग मी त्या दुपारचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांची आईही हा खेळ खेळायची.

“चार लिहू का? कुणाला कळणार आहे?”

“चार लिहिलेत तर बॅट परत नेईन.”

उद्घाटनाला मी सूट घालून बॅट ठेवलेल्या काचेजवळ उभा होतो. गोदीत काम केलेले एक आजोबा काठी टेकत आले. कार्ड दोनदा वाचलं.

“तिसऱ्यावर राहिला वाटतं?”

“हो. शिट्टी झाली.”

“मोजले ना पण?”

“मोजले,” मी म्हणालो.