खिडकीकडे पाठ

मुलांनो, आमच्या कोपर गावच्या गल्लीतली शिंपीण खिडकीच्या उजेडात, दाराकडे पाठ करून शिवायची. बोलायचीही तोंडात टाचण्या धरूनच.

तिला मारहाण केल्याच्या खटल्यातून तिचा नवरा निर्दोष सुटला, आणि त्याला तिच्या घरी यायला असलेली मनाई कोर्टाने उठवली. तो इंग्रजी कागद तिने माझ्याकडून वाचून घेतला.

तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, “म्हणजे आजी, आता तो येऊ शकतो?”

“हो.”

“बरं. तुमच्या ब्लाऊजचा गळा मागून बंदच ना?”

दुसऱ्या दिवशी तिने मशीन फिरवून दाराकडे तोंड केलं होतं. कापडावर तिचीच सावली पडत होती.

“अगं, डोळे बिघडतील,” मी म्हटलं.

“बिघडू देत. दार तरी दिसतं.”

माझ्या ब्लाऊजची शिवण पहिल्यांदाच वाकडी आली. मी तो तसाच घालते.