पाटीवरचे हिम

कचेरीसमोर अर्ज लिहिण्याच्या माझ्या बैठकीशेजारी एका मुसलमान स्नेह्याचा फोटो स्टुडिओ होता. गगनबावड्याजवळच्या एका सखल माळावर कडाक्याच्या थंडीत दव गोठून गवत पहाटे पांढरेशुभ्र होते. त्याने ते टिपून आणले, तेव्हा चहाच्या गाड्यावर सर्वजण हसले.

"मीठ पसारलं हुतंस व्हय रं?"

थट्टा त्याच्या जिव्हारी लागली. पुन्हा कुणी खोटे म्हणू नये, म्हणून पुढच्या हिवाळ्यात साक्षीला तो मला घेऊन गेला.

मुक्काम करून आम्ही पहाटे माळ गाठला. पात्यापात्यावर हिम होते. त्याने कॅमेरा रोखला, मी थांबवले. पुराव्यात स्थळ आणि साक्षीदार नमूद हवेत, असे माझे ठाम मत होते. सोबत आणलेल्या पाटीवर मी मजकूर लिहू लागलो. 'समक्ष' हा शब्द राहिला, म्हणून सगळा मजकूर पुसून पुन्हा लिहिला.

"आवरा की रायटर, ऊन आलं!"

"सदोष पुरावा टिकत नसतो."

पाटी धरून उभा राहिलो, तेव्हा पायाखाली नुसते ओले गवत होते. तरीही त्याने फोटो काढला.

तो फोटो आजही स्टुडिओत आहे. ओल्या गवतात मी उभा आहे आणि पाटीवर लिहिले आहे, "सदर ठिकाणी हिम पडलेले आम्ही समक्ष पाहिले."

"ह्यात हिम कुठं हाय?" गिऱ्हाईक विचारते.

"रायटरनी लिवलंय न्हवं, वाचा," तो थकल्या आवाजात म्हणतो. मी मान खाली घालून अर्ज लिहीत राहतो.