दार तुटल्यावरची प्रार्थना

सुरतेत पांडेसऱ्याला आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत एक ख्रिस्ती गृहस्थ राहायचे. डाइंग मिलमध्ये रंग कालवून त्यांची नखं कायम निळी. एकदा शहरात दंगल झाली, ती दुसऱ्याच दोन जमातींची होती. पण उत्साह उरला म्हणून चाळीतल्याच शूरांनी यांचं दार तोडलं. का, ते तोडणाऱ्यांनाही सांगता येईना. पोलीस आले तेव्हा अख्ख्या चाळीने काहीच पाहिलं नव्हतं. गृहस्थांनीही नावं सांगितली नाहीत.

मला म्हणाले, "पोलीस माणसाला आत टाकतील, पण बदलणार कोण? ते प्रभूवर सोपवलंय. मला आशा आहे."

रोज संध्याकाळी शेजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची त्यांची जुनी रीत. आता दारच नसल्यामुळे ती चाळभर ऐकू यायची.

"प्रभू, समोरच्या आप्पांचा हात बरा कर. दार तोडताना मुरगळलाय."

आप्पांनी खिडकी लावून घेतली. मग इतरांनीही. शेवटी चाळीने वर्गणी काढून त्यांना चांगलं जाडजूड दार बसवून दिलं. माणुसकीवर भाषण आप्पांनीच केलं.

त्या संध्याकाळी गृहस्थांनी नवं दार सताड उघडं ठेवलं, दार देणाऱ्यांसाठी आशीर्वाद मागितला आणि एकेकाचं नाव घेतलं. तीच नावं, आप्पांपासून.