डावा डोळा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बाहेर चोरून खाल्लेले पकोडेसुद्धा कळतात.

मी फुटबॉल खेळायचो. मोठा खेळाडू नव्हतो हो. दिल्लीच्या खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबात मिडफिल्डर. म्हणजे काय, तर मधे उभं राहायचं, बॉल घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. नाव व्हायचं ते गोल मारणाऱ्याचं. पण काय दिवस होते ते! हिवाळ्यातली पिवळी उन्हं, मैदानावर गवतापेक्षा धूळच जास्त, मॅचनंतर छोले-कुलचे. आणि तिलक — करोल बागेतल्या आमच्याच गल्लीतला, डाव्या बाजूनं सुसाट पळणारा. त्याच्या सायकलवर डबलसीट जायचो आम्ही. आईनं मला बांधून दिलेलं थालीपीठ तो वाटेतच मागून घ्यायचा. डावीकडे न बघता मी बॉल टाकायचो आणि तिथं तो असायचाच. इतका विश्वास पुढे मी कोणावर टाकला? आठवत नाही.

आमच्यासारख्यांचा डोळा गोलवर नसायचा, सरकारी नोकरीवर असायचा. एखाद्या खात्याला आपल्या टीमसाठी खेळाडू हवा असला, की तिथले साहेब आमची मॅच बघायला येऊन बसत. नजरेत भरलात, तर कायमची नोकरी. त्या वर्षी ते आले तेव्हा जागा एकच होती, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबा रिटायर व्हायला आले होते — पण नको, ती सबब नको.

त्या मॅचमध्ये मी तिलकला एकही पास दिला नाही.

तो हात वर करून पळत होता, ओरडत होता, त्याच्यासमोर कोणी नव्हतं. मला दिसत होतं. सगळं लख्ख दिसत होतं. आणि दर वेळी मी बॉल उजवीकडे टाकत होतो. नंतर त्यानं एवढंच विचारलं, "यार, मैं दिखा नहीं क्या?" काय बोललो असेन मी? म्हणालो, डाव्या डोळ्यानं हल्ली नीट दिसत नाही.

वाटलं होतं, चिडेल. तो घाबरला — माझ्यासाठी! माझा चेहरा उजेडाकडे वळवून डोळ्यात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "किसी को मत बताना. मेडिकल में निकाल देंगे."

निवड माझी झाली. मेडिकलच्या दिवशी त्यानं माझ्यासाठी हनुमानाला नवस बोलला. माझे डोळे ठणठणीत, मी पास झालोच. त्यानं आनंदानं गल्लीभर लाडू वाटले. त्यातला एक मीही खाल्ला.

काही वर्षं खात्याकडून खेळलो, मग खुर्चीत बसलो, द्वारकेला फ्लॅट घेतला. तिलक गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात काउंटरला लागला. दुकान दुसऱ्याचं. अजून तिथंच आहे.

अधूनमधून मेट्रोनं त्याला भेटायला जातो. आम्ही दोघं म्हातारे छोले-कुलचे खायला निघतो. रस्ता ओलांडताना तो न चुकता माझ्या डाव्या बाजूला येतो, कोपर धरतो आणि म्हणतो, "रुक, स्कूटर आ रहा है."

मला ती केव्हाच दिसलेली असते. मी थांबतो.