नाळेवर बांधलेली केळी

मृणालीला स्वतःचा चेहरा एवढा मोठा पहिल्यांदाच दिसला. धुळ्याच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या फाटकावर. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हाताची घडी, मागे निळाशार समुद्र. तो समुद्र कुठल्या तरी दुसऱ्याच देशातला होता. खाली ठळक अक्षरं : खवळलेल्या दर्यातही पाळण्यासारखी चाल. आमच्या तपासणी अधिकारी स्वतः सांगतात.

ती रिक्षातून उतरली. डब्याची पिशवी सीटवरच राहिली. रिक्षावाला हाका मारत होता.

"मी कधी सांगितलं?" ती फाटकाला म्हणाली.

वॉचमन वना खुर्चीवरून उठला. "ताई, फोटू भारी उना शे!"

"वना, हा कोणी लावला?"

"शेठनी. सकायलेच लावा. बठ्ठा लोके थांबी थांबी देखतस."

ती तशीच आत गेली. कामगार तिला मागून 'नापासताई' म्हणत. झाकण डुगडुगलं की टाकी नापास. कडेला बुडबुडा दिसला की नापास. एकदा तर चंदनशेठच्या मेहुण्याच्या बंगल्यावर निघालेली टाकी तिनं टेम्पोतून उतरवून घेतली होती. शेठ तेव्हा हसले होते. टाकीचं काय, दुसरी देता येते.

मृणाली जळगावजवळच्या असोद्याची. वडील झिपरूआबा, केळीचे ट्रक भरणारे हमाल. जळगावला मुलीनं डिप्लोमा केला. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्याच्या बाजूला, जरा खाली, पोरीचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. आबांनी तो खिळा स्वतः ठोकला, आणि वाकडा ठोकला. आठवड्याला घरी येणारी मृणाली दर वेळी ती फ्रेम सरळ करते. एसटीत खिडकीची कडी तुटलेली असली तर कंडक्टरशी भांडते. आवाज चढवत नाही. नुसतं विचारत राहते. समोरच्याला तेच जास्त लागतं.

चंदनशेठचा कारखाना फायबरच्या टाक्यांचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी किनाऱ्यावर कुणाच्या तरी लग्नात फायबरच्या मासेमारी बोटी पाहिल्या आणि परत आल्यावर म्हणाले, "टाकीच तर आहे. फक्त लांब." लांब टाकी तयार झाली. बूड सपाट ठेवलं, कारण सपाट बूड साच्यातून पटकन सुटतं. पालघरकडच्या एका मच्छीमार सोसायटीनं विचारणा केली. त्यांची पोरं खोल दर्यात जातात. लाकडी बोटी जुन्या झाल्या होत्या. त्यांची एकच अट होती : आमच्या लाकडी बोटीशी तुलना करून दाखवा. लाटेवर कुठली कमी आपटते ते पाहू.

तुलनेचं काम मृणालीकडे आलं.

बंदराकडे निघण्याआधी आबांचा फोन आला. "जयभीम, पोरी. काय नेतेस संगं?"

"यंत्र आहे, आबा. हादरे मोजतं."

"यंत्र असू दे. केळीच्या दोन कच्च्या फण्याबी ने."

ती हसली. पण तिला ठाऊक होतं ते का सांगतायत. नवा ड्रायव्हर आला की आबा ट्रकच्या मागच्या टोकाला, पाला न घालता, एक उघडी फणी बांधून देत. कच्च्या केळ्याला मार लागला तर लगेच कळत नाही. पिकताना डाग वर येतो. ड्रायव्हर म्हणे सावकाश नेली. केळं काय ते सांगे. आणि फणी मागेच का, तर ट्रकचं मागचं टोक सगळ्यात जास्त उडतं. खानदेशात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

बंदरावर पोचल्यावर मृणालीनं यंत्र दोन्ही बोटींत मागच्या बाजूला बसवायचं ठरवलं. तिला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. शेठही म्हणाले, "बरोबर. मागेच जास्त आपटतं." धुळ्याहून गेलेल्या एकालाही शंका आली नाही.

लाकडी बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, हिराजीकाका. साठीचा, पाय फाकवून उभा राहणारा. मृणालीनं त्याच्या हातात दोन फण्या दिल्या. एकीला निळी सुतळी, एकीला पिवळी. "काका, निळी तुमच्या बोटीला, पिवळी आमच्या बोटीला. नीट बांधाल?"

"बांधतो गो बाय. का नाय बांधणार?"

ती यंत्राच्या वायरी जोडायला वळली. परत पाहते तर दोन्ही बोटींवर फण्या पुढच्या टोकाला. तिकडे त्याला नाळ म्हणतात. हिराजीकाकानं त्यांना हळदकुंकू लावलं होतं, शेजारी नारळ ठेवला होता, आणि हात जोडून उभा होता. नवी बोट पाण्यात जायची, पाहुणी केळी घेऊन आलेली. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. मृणालीला सांगवेना. जाऊ दे, म्हणाली. यंत्र आहेच.

गणपती नुकतेच बुडाले होते. दर्या अजून शांत झाला नव्हता. एकाच वाटेनं आधी लाकडी बोट गेली, मग फायबरची. मृणाली दोन्ही वेळा मागे, यंत्राशेजारी बसली. दोन्ही वेळा तिला ओकारी आली. चंदनशेठ किनाऱ्यावर शहाळं पीत होते. लाकडी बोटीत जुनं डिझेल इंजिन मागच्या बाजूला, पायाखालीच धडधडत होतं. नव्या बोटीचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं, गुळगुळीत. यंत्रानं निकाल दिला. फायबरची बोट मऊ.

शेठनी बंदरावरच पेढे वाटले.

दोन्ही फण्या मृणालीनं असोद्याला नेल्या आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगल्या. पुढच्या शनिवारी घरी गेली तर आबा त्यांच्यासमोर पाट टाकून बसले होते.

"ही निळी ठीक हाये," आबा म्हणाले. "थोडी घासली. पण ही पिवळी काबरं अशी? कुठल्या रस्त्यानं आनली?"

पिवळ्या सुतळीची फणी एका अंगानं पूर्ण काळी पडली होती. आबांनी एक केळं सोललं. आतला गर पाण्यासारखा झाला होता.

"रस्ता नाही, आबा. समुद्र."

"मंग समुद्रात दगडं असतीन."

मृणाली हसली नाही. केळ्याकडे बघत राहिली. मग चुलीजवळचं लाटणं घेतलं, एक टोक ओट्यावर टेकवलं आणि दुसरं वरखाली केलं. टेकलेलं टोक जागच्या जागी राहत होतं. बोट लाटेवर चढते ती पुढून. आपटते तीही पुढून. मागचं टोक पाण्यात बसलेलं असतं. तिनं यंत्र त्या बसलेल्या टोकावर ठेवलं होतं, आणि लाकडी बोटीच्या इंजिनाची धडधड लाटेच्या नावावर मांडली होती. ट्रकची अक्कल घेऊन ती समुद्रावर गेली होती.

आणि जाळं ओढणारे उभे कुठे राहतात? नाळेवर.

सोमवारी सकाळी ती शेठच्या केबिनमध्ये उभी होती. चूक माझी, ती म्हणाली. यंत्र पुढे लावून पुन्हा चाचणी घेऊ. बूड सपाट आहे, ते लाट कापत नाही, लाटेवर पडतं. पुढे उभ्या माणसाची कंबर जाईल. साचा बदलावा लागेल.

शेठनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "केळीच्या डागावरून मी साचा बदलू?"

"केळीवरून नको. पुन्हा मोजून बदला."

"एकदा मोजलंय. यंत्रानं मोजलंय. तूच मोजलंय."

"चुकीच्या जागी मोजलंय."

"ते तुला माहीत, मला माहीत." शेठनी आवाज खाली आणला. "तिसऱ्याला कशाला?"

मृणालीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. शेठ मोबाइल बघू लागले होते.

"शेठ, त्या बोटीत माणसं उभी राहणार आहेत."

"खलाशी आहेत ते. त्यांना सवय असते. आणि तुझ्या बापानं तरी समुद्र पाहिलाय का, केळी बांधायला सांगायला?"

"नाही पाहिला," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलात. शहाळं पीत."

त्यानंतर आठवडाभर शेठ तिच्याशी बोलले नाहीत. तिला वाटलं, विचार करत असतील. आता फाटकावर फ्लेक्स होता. विचार करून झाला होता.

आत पटांगणात बोट ट्रेलरवर चढवलेली. झेंडूच्या माळा. सोसायटीची माणसं बोट न्यायला आली होती, हिराजीकाका सगळ्यांत पुढे, पांढऱ्या टोपीत. फायबरचे थर चढवणारा कारागीर भटू माइक जोडत होता. मृणालीनं शेठना खांबामागे गाठलं.

"माझा फोटो काढा."

"कार्यक्रमानंतर."

"आत्ता. मी ते बोललेली नाही."

"अगं, पोरी फोटोसाठी मरतात." शेठ हसत होते, पाहुण्यांकडे बघून. "तुझ्या जातीत कुणाचा एवढा मोठा फोटो लागलाय का फाटकावर?"

भटूनं ते ऐकलं. त्याच्या हातातली माइकची वायर तशीच राहिली.

शेठ पुढे गेले, नारळ फोडला, बोलले. खानदेशाची बोट दर्यावर, वगैरे. टाळ्या. मग म्हणाले, "आता आमच्या ताईच सांगतील. हसून, ताई, हसून!"

भटूनं माइक तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "बोला ताई. मी वायर काढाव नही."

मृणालीचा आवाज चढला नाही.

"हिराजीकाका, मी यंत्र मागे बसवलं होतं. आमच्याकडे गाडी मागे आपटते, म्हणून. बोट पुढे आपटते हे मला कळलं नाही. तुमची पोरं जिथं उभी राहतात तिथलं आम्ही काहीच मोजलेलं नाही. पण तुम्ही नाळेवर जी केळी बांधलीत, ती मी घरी नेली. तुमच्या बोटीतली चांगली राहिली. या बोटीतली काळी पडली. हे मी शेठना सांगितलंय. फाटकावर लिहिलंय ते मी म्हटलेलं नाही."

शेठ माइक घ्यायला धावले. ती बाजूला सरकली. माइक शिट्टीसारखा वाजला.

"घाबरलीय," शेठ म्हणाले. "एवढी माणसं बघितली नाहीत कधी."

हिराजीकाका बोटीजवळ गेला. खाली वाकून बुडावरून हात फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग कंबरेला हात लावून उठला.

"म्हणजे ती केळी देवाची नव्हती?"

"नाही काका. मोजायची होती."

"आणि मी कुंकू लावून हात जोडून उभा! तू बोलली पण नाय गो!" तो खो खो हसला. त्याच्या माणसांतही हसू फुटलं. मग तो थांबला. "शेठ, हिला काळी केळी कधी दिसली?"

शेठनी माइकसाठी पुन्हा हात पुढे केला.

"तुम्हाला म्हायती होतं?"

"काका, केळ्यावरून कुठं..."

"मी केळ्याचं नाय विचारत. तुम्हाला हिनं सांगितलं होतं का नाय?"

एक माळ वाऱ्यानं बोटीच्या कडेवर घासत होती.

"राहू दे ही इथंच," हिराजीकाका म्हणाला. "पुन्हा बघू. यंत्र नाळेवर. आणि शेठ, तुम्ही पण नाळेवर. शहाळं आम्ही आणतो."

सोसायटीची माणसं ट्रेलर तिथंच सोडून रिकामा ट्रक घेऊन गेली. शेठ केबिनमध्ये गेले, दार आपटलं, पुन्हा उघडलं आणि ओरडले, "उद्यापासून येऊ नकोस!"

"आजचं काम राहिलंय," मृणाली म्हणाली.

तिनं भटूकडे हात केला. त्यानं फायबरच्या कडा कापायचं पातं दिलं. वनानं न विचारता आपली खुर्ची फाटकाखाली आणून धरली. ती चढली. हेल्मेटपासून सुरुवात केली, हाताच्या घडीपर्यंत आली, आणि स्वतःला त्या परक्या समुद्रातून कापून काढलं. फ्लेक्स जाड होता. वेळ लागला. शेठ खिडकीतून बघत होते, पण बाहेर आले नाहीत.

"ताई, हाई काय करशात?" वनानं विचारलं.

ती खाली उतरली. तुकड्याची गुंडाळी करून काखेत धरली.

"नापास," ती म्हणाली, आणि असोद्याकडे जाणाऱ्या गाडीच्या दिशेनं चालू लागली.

फाटकावर पाळण्यासारखी चाल तेवढी उरली. मधल्या भोकातून ट्रेलरवरची बोट दिसत होती. सपाट बूड, आणि नाळेवर कोमेजत चाललेली माळ.