टपरीवर थांबणारी जीप

कुणी किस्से विचारले, की मला आठवावे लागत नाहीत. हिंगोलीहून डोंगरकड्याच्या शाळेत रोज अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांच्या एकाच जीपमध्ये मी कित्येक वर्षं बसते आहे. सीटवरच्या धुळीसारखे ते साचतच राहतात.

*

आमचे पी.टी.चे पतंगे सर. चहा घेतला की त्यांना सिगारेट लागते. सिगारेटचा वास मुलांना येऊ नये म्हणून गुटख्याची पुडी, आणि पुडीचा वास येऊ नये म्हणून बडीशेप. मी म्हटलं, सर, यातलं एखादं तरी सोडा. त्यांनी गंभीरपणे विचार केला.

"बडीशेप सोडतो, मॅडम. तिच्यानं दात दुखून राहिले."

*

गणिताचे जाधव सर तंबाखूवाले. आधी त्यांना तिखट सोसेना, मग तोंड पुरतं उघडेना. नांदेडच्या डॉक्टरांनी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली.

"डॉक्टरसाहेब, शेतकऱ्याची बोटं हायेत, जाड असतात," सर म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. तंबाखू सुटली नाही तर पुढे कॅन्सरची भीती आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जाधव सरांनी आम्हाला हे सगळं ऐकवलं, ते तंबाखू मळता मळता.

*

मग जीपमध्ये ठराव झाला. जाधव सरांना सोबत म्हणून प्रत्येकाने एकेक व्यसन सोडायचं! पतंगे सरांनी दारू सोडली. ते पीतच नाहीत. ड्रायव्हर अन्वरभाईंनी पत्ते सोडले, ते त्यांना येत नाहीत. खुद्द जाधव सरांनी सिगारेट सोडली, जी त्यांनी जन्मात ओढली नव्हती. मीही मागे राहिले नाही, तंबाखू सोडली. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि त्या आनंदात कळमनुरीजवळच्या नेहमीच्या टपरीवर चहाला उतरलो.

*

एकदा मात्र जाधव सरांनी खरंच मनावर घेतलं. टपरी आली, आम्ही सगळे उतरलो, ते जीपमध्येच बसून राहिले. बाहेर चहा, गप्पा, कुणाची तरी टिंगल चाललेली. थोड्या वेळाने स्वतःच खाली आले आणि तंबाखूसाठी टपरीवाल्याकडे हात पुढे केला.

"तलफ न्हाई आली, मॅडम," मला म्हणाले. "एकट्याला करमंना."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त आमचा.

*

पुढच्या सोमवारपासून जाधव सर एसटीने येऊ लागले. जीपमध्ये सगळ्यांना ते लागलं. आमी काय वाघ हाव का, असं पतंगे सर दिवसभर म्हणत होते. दोघांचं बोलणंच बंद झालं.

मग एका दुपारी स्टाफरूममध्ये पतंगे सरांनी पाहिलं, की जाधव सर भाकरी दुधात चुरून, पार लगदा करून, लहानग्याच्या चमच्याने खाताहेत. पतंगे सर स्वतःचा डबा न उघडताच ग्राउंडवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी दिसली आणि अन्वरभाईंनी सवयीने जीप हळू केली.

"थांबू नका," पतंगे सर म्हणाले.

अन्वरभाईंना वाटलं, चेष्टाच आहे. मागून कुणीतरी विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना?

"जाधवला जीपमधी परत आणायचं हाय," पतंगे सर समोर बघत म्हणाले. "आदी ह्या जीपची सवय सुटू द्या."