टाकानिनीतलं सोनं

काय झालं ते आधी ऐका, मग हसा. आणि यात माझं काय चुकलं तेही सांगा.

मी ऑकलंडला खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीत उपग्रहाची चित्रं बघतो. सोनं काही वरून दिसत नाही हो. पण सोन्याच्या आसपास खडकाची चिकणमाती झालेली असते, ती दिसते. ती आम्ही चित्रात लाल रंगवतो. आणि माझा नियम असा, की नकाशावरची गावांची नावं बंद ठेवायची. नाव दिसलं की मन आधीच ठरवून बसतं. हे मी अख्ख्या ऑफिसला ऐकवलंय.

तर एक झकास लाल डाग सापडला. मागच्या वर्षीच्या चित्रात तिथे नुसतं गवत. म्हटलं, दरड कोसळून माती उघडी पडली असणार. माझी नोकरी अजून कच्चीच होती. साहेबाला, म्हणजे ब्रेंटला म्हटलं, शनिवारीच जाऊ. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'चालेल की'.

आणि शनिवारीच आमच्या नव्या घराचं भूमिपूजन. बायको कडाडली. "मालकच नाही तर पूजा काय गुरुजींच्या घराची करायची?"

"अगं मंजिरी, नोकरी राहिली तर घर होईल ना!"

गाडीतही तिचे फोन. नारळ कोण फोडणार, म्हणे. मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून भांडतोय, ब्रेंट जीपीएस सांगेल तिकडे वळतोय.

"इथे घरं दिसतायत," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "तू चालव. उपग्रह खोटं बोलत नाही."

गाडी थांबली ती ऑकलंडच्याच टाकानिनी उपनगरात. हातोडी घेऊन उतरलो. समोर बुलडोझरने सोललेली पिवळी चिकणमाती, प्लॉटांच्या खुंट्या, गुरुजी, आणि पैठणीखाली गमबूट घातलेली मंजिरी. आम्ही घेतला तेव्हा गवत होतं हो त्या प्लॉटवर! बिल्डरला खणण्याआधी एक फोन करता येत नव्हता?

"आलास," मंजिरीचे डोळे भरून आले. "वाटलंच होतं मला."

गुरुजींनी नारळ पुढे केला. हातोडीनेच फोडला.

पेढा खात ब्रेंट जवळ आला. "खरं सांग. कंपनीच्या गाडीने पूजेला यायचं म्हणून मला बनवलंस, की स्वतःचा प्लॉट तुला खरंच ओळखू आला नाही?"

पहिलं म्हणावं तर नोकरी जाते. मंजिरी शेजारीच उभी, कौतुकाने बघत.

"ओळखू आला नाही," मी म्हणालो.

नोकरी राहिली. आमच्या भाड्याच्या घराच्या दारावर मात्र मंजिरीने ठळक अक्षरांत पाटी लावलीय. 'तू इथे राहतोस.' नावं बंद ठेवायची सवय आहे ना, म्हणे.